तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेत पदासाठी नाव द्यावं का? अनुभव सांगा

पॅकेट_मावशी (ऐरोली)

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

मी महाप्याला एका नेटवर्किंग कंपनीत राउटिंगवर, म्हणजे नेटवर्कमध्ये माहितीनं कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवण्यावर, काम करते. बऱ्याच वर्षांपासून आयईटीएफमध्ये आहे, म्हणजे इंटरनेटचे प्रोटोकॉल जिथे लिहिले जातात आणि आरएफसी म्हणून बाहेर पडतात ती संस्था. ड्राफ्ट लिहिते, इतरांचे वाचून शेरे पाठवते, सध्या एका वर्किंग ग्रुपची चेअर आहे. आता तिथल्या ओळखीच्या लोकांनी राउटिंग एरियाच्या, म्हणजे या विषयाच्या सगळ्या वर्किंग ग्रुपांच्या विभागाच्या, डिरेक्टरपदासाठी माझं नाव सुचवलंय. नेमणूक समितीची, म्हणजे नॉमकॉमची मेल आलीये की नामांकन स्वीकारताय का. स्वीकारलं की लांबलचक प्रश्नावली, मग मुलाखत, आणि मधल्या काळात सगळ्या जगाकडून माझ्याबद्दल गोपनीय अभिप्राय.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी, १९८६ च्या जानेवारीत सॅन डिएगोला २१ माणसं जमली तिथून हे सुरू झालं. सदस्यत्व नाही, कोणीही मेलिंग लिस्टवर येऊन बोलू शकतं. डेव्हिड क्लार्क १९९२ मध्ये म्हणाले होते की आम्ही राजे, राष्ट्राध्यक्ष आणि मतदान नाकारतो, आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि चालणाऱ्या कोडवर. ते तिथे आजही मनापासून मानतात, म्हणून पदांसाठीही निवडणूक होत नाही, नॉमकॉम ठरवतं.

मुदत दोन वर्षं. काम अर्ध्या नोकरीएवढं तरी नक्की, कधी त्याहून जास्त. दर पंधरवड्याला काही शे पानांचे ड्राफ्ट वाचायचे, एक दिवसाआड कुणाचं तरी भांडण सोडवायचं, आपल्या वेळेनं रात्री कॉल, वर्षातून तीनदा आठवडाभराची मीटिंग. संस्था या कामाचा पगार देत नाही, तो आपल्या कंपनीनं दिला तर दिला. घरी मुलगी दहावीला, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. अशा संस्थेत पदासाठी उभं राहिलेलं कोणी आहे का इथे, किंवा जवळून बघितलंय का? आणि तुम्ही अशा उमेदवाराबद्दल अभिप्राय द्यायचा झाला तर त्याच्यात नेमकं काय बघाल?

खाडीपलीकडचा (ठाणे)

अभिनंदन ताई! एक शंका. नेमणूक समिती ठरवते, पण ती समिती कोण ठरवतं? तिथेच खरी मेख असणार ना.

पॅकेट_मावशी (ऐरोली)

@खाडीपलीकडचा, बरोबर जागी बोट ठेवलंत. ती चक्क सोडतीनं ठरते. समितीत काम करायला इच्छुक लोक आपली नावं देतात, त्यातून मत देणारे दहा जण निघतात. अट एवढीच की तुम्ही अलीकडच्या मीटिंगांना हजेरी लावलेली हवी, आता त्यात चेअर म्हणून किंवा आरएफसीचे लेखक म्हणून केलेलं कामही धरतात. एका कंपनीचे दोनापेक्षा जास्त नाहीत.

आणि सोडत कशी, तर आरएफसी ३७९७ मध्ये पद्धत लिहिलेली आहे. नावांची क्रमवार यादी आधी जाहीर करायची, मग पुढच्या एखाद्या तारखेला जे आकडे कोणाच्याच हातात नसतात, उदाहरणार्थ सरकारी लॉटरीचे निकाल, ते घेऊन एका ठरलेल्या गणितात घालायचे. ते गणित कोणीही आपल्या घरी करून बघू शकतं, तीच दहा नावं यायला हवीत. मला ही गोष्ट फार आवडते. अध्यक्ष वेगळा असतो, त्याला मत नाही. आणि समितीनं निवडलेली नावं परत दुसऱ्या मंडळाकडून मंजूर व्हावी लागतात.

घोडबंदर_रोड (ठाणे)

म्हणजे आमच्या सोसायटीपेक्षा बरी पद्धत आहे. आमच्याकडे सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नसतं, शेवटी जो एजीएमला उशिरा येतो त्याच्या गळ्यात पडतं, आणि मग वर्षभर लिफ्टवरून सगळे त्यालाच बोलतात 😀

पण गंभीरपणे विचारतो, या पदाला अधिकार काय असतात? नुसतं मान आणि काम असेल तर कशाला?

सर्किटब्रेकर_काका (रबाळे)

मी आयईटीएफवाला नाही, माझा अनुभव बीआयएसचा आहे, पण मुलीचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. टायपिंग हळू आहे, चुका समजून घ्या.

मी टीटीसी एमआयडीसीत वायर आणि केबलच्या चाचण्यांमध्ये आयुष्य काढलं, आणि निवृत्तीच्या आधीपासून बीआयएसच्या एका तांत्रिक समितीवर आहे. आपली इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन १९४७ च्या जानेवारीत सुरू झाली, स्वातंत्र्याच्या आधी, आणि १९८७ पासून तीच बीआयएस. लोकांना आयएसआयचा छाप माहीत असतो, पण त्या छापामागचं मानक कोण लिहितं हे विचारलं तर दहातल्या नऊ जणांना वाटतं दिल्लीत कोणी साहेब लिहितो. तसं नाही. कारखानदार, सरकारी खाती, प्रयोगशाळा, कॉलेजातले प्राध्यापक, ग्राहक संघटना असे सगळे एका समितीत बसतात. बीआयएसचा शास्त्रज्ञ असतो तो सदस्य सचिव. अध्यक्ष मात्र बाहेरचा, त्या विषयातला माणूस. त्याची निवडणूक होत नाही, नेमतात.

आता अध्यक्ष चांगला की वाईट हे कसं कळतं ते सांगतो. मसुदा लोकांसाठी खुला झाला की शेरे येतात. त्याचा एक तक्ता असतो, कलम क्रमांक, शेरा कोणाचा, शेरा काय, सुचवलेला बदल काय, आणि शेवटच्या रकान्यात समितीचा निर्णय. माझ्या बघण्यात एक अध्यक्ष असे होते की ते हा तक्ता वरच्या ओळीपासून वाचायला घ्यायचे आणि एकही ओळ सोडायचे नाहीत. एका लहान कारखानदाराचा शेरा होता, इन्सुलेशनच्या जाडीच्या मापनाबद्दल, नमुना कुठून कापायचा याबद्दल, भाषा मोडकीतोडकी, अर्ध्या जणांना वाटलं सोडून द्या. त्यांनी त्याला फोन लावायला लावला, मीटिंग चालू असताना. त्यानं जे सांगितलं ते ऐकून प्रयोगशाळावाले आम्ही गप्प झालो कारण तो बरोबर होता, आमच्या पद्धतीनं दोन प्रयोगशाळांत दोन आकडे आले असते. कलम बदललं.

दुसऱ्या एका समितीत मी असे अध्यक्ष बघितले की मोठ्या माणसाचा शेरा आला की 'मान्य', लहानाचा आला की 'नोंद घेतली'. नोंद घेतली म्हणजे कचऱ्यात.

तर मुली, मी उमेदवारात हे बघेन की तो शेवटचा रकाना कसा भरतो. ज्याचं म्हणणं नाकारलं त्याला कारण लिहून दिलं का. बाकी भाषणं सगळेच चांगली करतात.

नेरूळची_निशा

काका किती छान लिहिलंत 🙏

मी आयईईईची, म्हणजे विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरांच्या जागतिक संघटनेची, जुनी सदस्य आहे, बॉम्बे सेक्शनच्या कामात थोडी फार असते. आमच्याकडे निवडणूक असते. चार लाखांहून जास्त सदस्य, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर मतदान. अध्यक्षपदाला जो निवडून येतो तो पहिलं वर्ष नियोजित अध्यक्ष, दुसरं वर्ष अध्यक्ष, तिसरं वर्ष माजी अध्यक्ष म्हणून मंडळावर, म्हणजे तीन वर्षांची बांधिलकी. संचालक मंडळ उमेदवार देतं, पण सदस्यांच्या सह्या गोळा करून बाहेरूनही उभं राहता येतं, आणि ही वाट मला फार महत्त्वाची वाटते.

मला पॅकेट_मावशींच्या पद्धतीबद्दल मात्र जरा अडचण आहे. सोडतीनं दहा जण काढले, त्यांनी बंद खोलीत बसून गोपनीय अभिप्राय वाचले आणि नाव जाहीर केलं. मग मी जर रोज त्या प्रोटोकॉलवर काम करणारी इंजिनियर असेन तर माझं मत गेलं कुठे? निवडणुकीत निदान मी उमेदवाराचं निवेदन वाचते, प्रश्न विचारते, पटलं नाही तर दुसऱ्याला मत देते.

पॅकेट_मावशी (ऐरोली)

@निशा, रास्त प्रश्न. पण मतदार कोण हेच ठरवता येत नाही ना. सदस्यत्वच नाही तर मत कोणाला द्यायचं? आणि सदस्यत्व ठेवलं की उद्या एखादी मोठी कंपनी आपली पाचशे माणसं लिस्टवर टाकेल आणि जिंकेल. पूर्वी पदासाठी तयार असलेल्या उमेदवारांची नावंही गुप्त असायची, २००९ पासून ती यादी खुली केली. आता कोण कोण तयार आहे हे सगळ्यांना दिसतं आणि कोणीही अभिप्राय पाठवू शकतं. निवडलेला माणूस फारच वाईट निघाला तर २० पात्र लोकांच्या सहीनं परत बोलावण्याची मागणीही करता येते.

@घोडबंदर_रोड, अधिकाराचं विचारलंत. खरा अधिकार एका शब्दात आहे, 'डिस्कस'. ड्राफ्ट आरएफसी व्हायच्या आधी सगळ्या एरिया डिरेक्टरांच्या टेबलावरून जातो. एकानं जरी डिस्कस टाकलं तरी ड्राफ्ट तिथेच थांबतो, जोपर्यंत तो मुद्दा सुटत नाही. लेखकांनी चार-चार वर्षं घासलेला कागद असतो तो. योग्य ठिकाणी टाकलेल्या डिस्कसमुळे सुरक्षेची मोठी भोकं बुजलेली मी बघितलीयेत, आणि नुसत्या वाक्यरचनेसाठी अडवून ठेवलेले ड्राफ्टही. म्हणून या खुर्चीत कोण बसतं याची मला काळजी वाटते. चुकीचा माणूस बसला तर वाईट काही घडताना दिसत नाही, पण लोक कंटाळून लिहिणं सोडतात.

तलावपाळी (ठाणे)

दुसऱ्या टोकाचं उदाहरण देतो. आयटीयू. १८६५ ला पॅरिसमध्ये तारायंत्रासाठी सुरू झालेली, आता संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था. तिथे देश मत देतात, माणसं नाहीत. २०२२ ला बुखारेस्टला महासचिवपदाची निवडणूक झाली, अमेरिकेच्या डोरीन बॉगडन-मार्टिन विरुद्ध रशियाचे रशीद इस्माइलोव्ह. १७२ पैकी १३९ मतं बाईंना, २५ त्यांना. दीडशेहून जास्त वर्षांत त्या पदावर पहिली महिला. युक्रेनचं युद्ध चालू होतं त्यामुळे जगभर बातमी झाली, एरवी या निवडणुकीची बातमी कोण वाचतं.

म्हणजे तिथे उमेदवार म्हणजे त्याच्या देशाचं परराष्ट्र खातं. वर्षभर आधीपासून दूतावास कामाला लागतात, तू माझ्या माणसाला मत दे मी तुझ्या माणसाला देतो. तांत्रिक संस्था आहे म्हणून हे शुद्ध असेल असं कोणी समजू नये.

आपल्याकडचं चांगलंही सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आयटीयूची मानकांची मोठी सभा, डब्ल्यूटीएसए, दिल्लीत झाली, आशिया-पॅसिफिकमध्ये पहिल्यांदाच, आणि तिचे अध्यक्ष आपले रितू रंजन मित्तर होते. आयईसी, म्हणजे विजेच्या मानकांची १९०६ पासूनची संस्था, लॉर्ड केल्विन जिचे पहिले अध्यक्ष, तिथे विमल महेंद्रू २०२३ ते २०२५ या मुदतीसाठी उपाध्यक्ष आणि मानक मंडळाचे प्रमुख म्हणून निवडून आले, नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी. तेव्हा आपले लोक पोचत नाहीत असं नाही.

वाशी_ते_वडाळा

आमच्या हापिसात या संस्थांचं नाव काढलं की मॅनेजर विचारतो 'यातून बिलिंग किती?' 😂 ताई तुम्ही आधी तुमच्या मॅनेजरला विचारा, नॉमकॉम नंतर.

महापे_गाळा_नंबर (कोपरखैरणे)

आता मी कडू बोलणार आहे, रागावू नका.

माझा छोटा धंदा आहे, गावाकडच्या वायरलेस लिंकची उपकरणं. या सगळ्या संस्थांत पदावर कोण जातं? ज्याची कंपनी दोन वर्षं पगार देऊन त्याला मोकळं सोडू शकते तो. म्हणजे जगातल्या वीस-पंचवीस मोठ्या कंपन्या. दार उघडं आहे, कोणीही या, हे म्हणायला ठीक आहे, पण आत बसायला जो वेळ लागतो तो कोणाकडे आहे? माझ्याकडे नाही. माझ्या तीन इंजिनियरपैकी एकाला मी वर्षातून तीनदा परदेशी पाठवलं तर माल कोण पाठवणार?

आणि पदावर गेलेला माणूस आपल्या कंपनीचं बघणारच. नाही बघितलं तर कंपनी पुढच्या वेळी त्याला वेळ देणार नाही. हे इतकं साधं आहे.

सर्किटब्रेकर_काका (रबाळे)

वेळेबद्दल तुमचं खरं आहे. पण 'बघणारच' हे मला मान्य नाही. आयएसओ-आयईसीच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की समितीच्या अध्यक्षानं आपल्या देशाची भूमिका बाजूला ठेवून निव्वळ आंतरराष्ट्रीय नात्यानं काम करायचं. आणि एका माणसाला नऊ वर्षांच्या वर खुर्ची नाही. मी असे लोक बघितलेत जे आपल्याच कंपनीच्या माणसाला भर सभेत 'तुमचा मुद्दा झाला, बसा' म्हणाले.

तलावपाळी (ठाणे)

काका, नियम आहेत पण दबाव आला की काय होतं त्याचं २००७-०८ चं उदाहरण आहेच. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फायलींच्या ओओएक्सएमएल या स्वरूपाचं मानक. सप्टेंबर २००७ ला आयएसओच्या मतदानात ते पडलं. पण त्या मतदानाच्या आधी कितीतरी देश अचानक समितीचे मतदार सदस्य झाले होते. फेब्रुवारी २००८ ला जिनिव्हाला आठवडाभर बैठक, हजाराच्या आसपास शेरे आणि वेळ पाच दिवसांचा, बहुतेकांवर चर्चाच झाली नाही. मग ते मंजूर झालं. भारतानं विरोधात मत दिलं होतं, आणि नंतर दक्षिण आफ्रिका, ब्राझील, व्हेनेझुएलाबरोबर आपणही अपील केलं. फेटाळलं गेलं.

मला त्यातून एवढंच दिसतं की आकडे जुळवता येतात. म्हणून अध्यक्षाच्या जागी असा माणूस हवा जो म्हणेल की शेरे वाचून झाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. काकांचा रकाना.

महापे_गाळा_नंबर (कोपरखैरणे)

हे मी म्हणतोय तेच तर आहे! मोठ्यांचा खेळ.

ट्रान्सहार्बर_प्रवासी (घणसोली)

गाळावाले दादा, तुमच्याच धंद्यातलं उदाहरण उलट बाजूनं देतो. ५जीचं ठरत होतं तेव्हा टॉवरमधलं अंतर वगैरे सगळं युरोप-अमेरिकेच्या वस्तीप्रमाणे धरलेलं होतं. आपल्याकडची गावं दाट आणि मध्ये मोकळी शेतं, फायबर पोचतं ग्रामपंचायतीपर्यंत. आपल्या आयआयटींच्या आणि टीएसडीएसआय या भारतातल्या दूरसंचार मानक संस्थेच्या लोकांनी आयटीयूत लावून धरलं की ६ किलोमीटर अंतरावर टॉवर धरून चाचणी करा, म्हणजे फोन वापरणारे सावकाश फिरणारे आणि एका टॉवरचं क्षेत्र मोठं असा प्रकार. तो तिथे स्वीकारला गेला. मग त्यावर ५जीआय हे आपलं ५जी मानक झालं, आणि पुढे ते थ्रीजीपीपीच्या, म्हणजे मोबाइलची मानकं लिहिणाऱ्या जागतिक गटाच्या, रिलीज १७ मध्ये मिसळलं. आता त्याचा बाजारात किती उपयोग झाला यावर भांडता येईल, भरपूर टीका झालीये आणि ती सगळीच चुकीची नाही. पण गावातलं अंतर त्या कागदावर आलं कारण कोणीतरी तिथे वर्षानुवर्षं जाऊन बसलं. तुम्ही आणि तुमच्यासारखे दहा जण मिळून एक माणूस पाठवू शकत नाही का? संघटनेमार्फत?

महापे_गाळा_नंबर (कोपरखैरणे)

दहा जण मिळून हा विचार केला नव्हता. आमच्या असोसिएशनमध्ये विषय काढतो. पण राग आहे तो आहे.

वेलांटी (मुलुंड, पण मन ठाण्यात)

थोडं विषयांतर. तुम्ही सगळे तारा आणि टॉवरचं बोलताय, मी मुद्रितशोधक आहे आणि माझं रोजचं दुखणं युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक, आहे. तेही मानकच ना!

'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एक ऱ ला हलन्त लावून आणि एक साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण दोनशे पानांच्या फायलीत शोधा म्हटलं की एक प्रकार सापडतो, दुसरा नाही. 'ॲ'चं तसंच, तो स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ ला आला, त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत होते, त्यामुळे जुन्या फायलींत अजून तोच. मला हे दोन्ही हातानं एकसारखं करत बसावं लागतं.

माझा प्रश्न असा की हे ठरवणाऱ्या टेबलावर मराठी वापरणारं कोण होतं?

ट्रान्सहार्बर_प्रवासी (घणसोली)

वेलांटीताई, युनिकोडचा देवनागरी भाग आपल्याच इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतावरून घेतलेला आहे, १९८८ च्या आवृत्तीवरून. इस्की पुढे १९९१ ला बीआयएसचं मानक झालं. म्हणजे पाया इथलाच. पण युनिकोडमध्ये पूर्ण मत असतं ते पूर्ण सदस्यांना, आणि ते मुख्यतः मोठ्या कंपन्या. आपल्या सरकारचं आयटी खातंही सदस्य राहिलेलं आहे. प्रस्ताव मात्र कोणीही पाठवू शकतं. रुपयाचं चिन्ह २०१० च्या जुलैत ठरलं आणि ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये आलंसुद्धा. मनावर घेतलं की होतं.

वेलांटी (मुलुंड, पण मन ठाण्यात)

मग मराठीसाठी मनावर कोण घेणार? वर्षानुवर्षं प्रत्येक जण आपापल्या फायलीत दुरुस्त करतोय. यावर वेगळा धागा काढते.

खाडीपलीकडचा (ठाणे)

काढाच. पण आधी मावशींच्या प्रश्नाकडे येऊया का? त्यांनी विचारलं होतं उमेदवारात काय बघाल, आणि आपण जिनिव्हा फिरून आलो.

मी स्वतः या क्षेत्रातला नाही, पण वरचं सगळं वाचून विचारावंसं वाटतं, तुमच्या त्या 'ढोबळ सहमती'त शंभर जण एका बाजूला आणि पाच जण दुसऱ्या बाजूला असतील तर तुम्ही काय कराल? माझ्या लेखी उमेदवाराची तीच परीक्षा.

पॅकेट_मावशी (ऐरोली)

अहो, यावर आख्खी आरएफसी आहे, ७२८२! त्यात म्हटलंय की पाच बाजूनं आणि शंभर विरोधात असले तरी ती ढोबळ सहमती असू शकते. कारण डोकी मोजायचीच नसतात. खोलीत अंदाज घ्यायलासुद्धा हात वर करायच्या ऐवजी गुणगुणायला सांगायची पद्धत आहे, 'हम' म्हणतात, म्हणजे कोण कुठल्या बाजूला ते मोजता येऊ नये. ऑनलाइन मीटिंग झाल्यापासून त्याला साधन आलंय, पण भावना तीच.

मोजायचं असतं ते हे की आक्षेपाला उत्तर मिळालं का. आक्षेप मान्यच केला पाहिजे असं नाही, पण त्याचा विचार झाला आणि तो का बाजूला ठेवला हे सांगता आलं पाहिजे. शंभर जण 'मलाही असंच वाटतं' म्हणाले आणि एकानं म्हटलं की अमुक लिंक तुटली तर लूप होईल, म्हणजे माहिती तिथल्या तिथे गोल फिरत राहील, आणि त्याला कोणी उत्तर दिलं नाही, तर सहमती झालेली नाही. चेअर म्हणून मी असा ड्राफ्ट थांबवलेला आहे. लेखकांपैकी एक माझ्याच कंपनीतले होते, बरेच ज्येष्ठ. त्यांनी मला कँटीनमध्ये दोन महिने नमस्कार केला नाही. मग लूप खरंच होतो हे त्यांच्याच टीमनं लॅबमध्ये दाखवलं, आणि ड्राफ्टमध्ये टायमर आला.

तर गाळावाले दादा, कंपनीचं बघावंच लागतं असं नाही. त्रास होतो हे मात्र खरं.

नेरूळची_निशा

हे प्रश्नावलीत लिहा मावशी. नावं न घेता, पण हेच. मला अजूनही निवडणूकच बरी वाटते, पण तुम्ही उभ्या असाल तर मी मत दिलं असतं.

कॉलेज_कट्टा (सानपाडा)

मी शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. यातलं काहीच आम्हाला शिकवलं नाही. सुरुवात कुठून करायची?

ट्रान्सहार्बर_प्रवासी (घणसोली)

@कॉलेज_कट्टा, पद वगैरे डोक्यातून काढ, एक ड्राफ्ट उचल आणि पूर्ण वाच. कुठे अडलास ते लिस्टवर सभ्यपणे विचार. लेखकांना असा वाचणारा फार कमी मिळतो, उत्तर नक्की येतं. आणि बीआयएसचे मसुदे त्यांच्या साइटवर शेऱ्यांसाठी खुले असतात, मानकंसुद्धा फुकट उतरवून घेता येतात. तुझ्या प्रोजेक्टच्या विषयाचं एक घे. काकांचा तक्ता भरून पाठव.

सर्किटब्रेकर_काका (रबाळे)

पाठव बाळा. कलम क्रमांक लिहायला विसरू नकोस, त्याशिवाय शेरा कोणी घेत नाही. आणि नुसतं 'हे चूक आहे' लिहू नकोस, त्याजागी काय शब्द हवेत ते पूर्ण लिहून दे.

घोडबंदर_रोड (ठाणे)

मावशी मग ठरलं का? धागा चौथ्या पानावर गेला.

पॅकेट_मावशी (ऐरोली)

ठरलं. काल डिरेक्टर साहेबांबरोबर, म्हणजे कंपनीतल्या, सविस्तर बोलले. पहिल्यांदा तेच म्हणाले जे वाशी_ते_वडाळांनी लिहिलंय. मी त्यांना म्हटलं तोंडी 'करा, आम्ही आहोत' नको, लेखी द्या की दोन वर्षं माझा निम्मा वेळ यासाठी, आणि माझ्या मूल्यमापनात ते काम धरलं जाईल. आणि हेही की डिस्कस टाकताना मी कंपनीला विचारणार नाही. त्या शेवटच्या वाक्यावर बराच वेळ गेला. निम्मा वेळ नाही, चाळीस टक्के म्हणाले. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं मान्य केलं, मेल आली आहे. मला ते वाक्य टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं होतं.

घरी मुलगी म्हणाली, तू रात्री कॉलवर असशील तेव्हा मी अभ्यासच करत असेन, एकमेकींना सोबत. सासूबाईंचं ऑपरेशन जानेवारीत, नवे एरिया डिरेक्टर मार्चमध्ये काम सुरू करतात, तेवढा वेळ आहे. निवड होईल की नाही कोण जाणे, माझ्याहून चांगली नावं यादीत आहेत आणि त्यातल्या एकाबद्दल मी स्वतः चांगला अभिप्राय पाठवणार आहे. पण मी नामांकन स्वीकारलं.

इथे कोणी माझ्याबरोबर लिस्टवर काम केलं असेल तर नॉमकॉमला अभिप्राय जरूर पाठवा. वाईट असेल तरी पाठवा, फक्त कुठला ड्राफ्ट आणि काय झालं ते लिहा, 'चांगल्या आहेत' यानं त्यांना काही कळत नाही.

वाशी_ते_वडाळा

मॅनेजरनं लेखी दिलं?? ताई ती मेल नावं खोडून इथे टाका, आम्हालाही उपयोगी पडेल.

महापे_गाळा_नंबर (कोपरखैरणे)

मला पण हवी. असोसिएशनच्या मीटिंगला दाखवतो, गुरुवारी आहे.